अस्सल आणि नक्कल : जमनालाल, जानकीदेवी आणि आपण

मित्रहो, संयोजकांनी मला विषय दिला तो असा : लोकांच्या अपेक्षांप्रमाणे न जगता स्वतःचं आयुष्य कसं जगावं. या विषयावर हल्ली बोलणारे पुष्कळ आहेत. मोबाइलवर तीस सेकंदांत सांगून मोकळे होतात : लोकांचं ऐकू नका, मनाचं ऐका. एवढ्यावर भागलं असतं तर तत्त्वज्ञांनी त्यावर जाडजाड ग्रंथ लिहिले नसते आणि तुम्हीही एवढ्या उन्हाचे इथवर आला नसता. तेव्हा मी तासभर घेणार आहे, आणि बहुतेक बोलणं आपल्या वर्ध्याबद्दलच करणार आहे.

आधी शब्दाचं बघू. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात याला 'ऑथेंटिसिटी' म्हणतात. मराठीत कुणी 'प्रामाणिकता' म्हणतं, कुणी 'स्वत्व' म्हणतं. मला आपला जुना कचेरीतला शब्द जास्त बरोबर वाटतो : अस्सल. तहसील कचेरीत तुम्ही गेला असाल. दस्त असतो तो अस्सल, आणि अर्ज करून, फी भरून आपल्याला मिळते ती नक्कल. 'अस्ल' म्हणजे मूळ. अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्या दफ्तरांत हे दोन्ही शब्द आले. गंमत अशी की 'नक्कल' या शब्दाला मराठीत दोन अर्थ चिकटले. कागदाची प्रत तीही नक्कल, आणि गावातला एखादा पोट्टा सरपंचाच्या चालण्याची करून दाखवतो तीही नक्कल. आपला आजचा प्रश्न या दोन शब्दांत पुरा बसतो : मी जगतोय ते आयुष्य अस्सल आहे, की कुठल्या तरी दुसऱ्या कागदावरून काढलेली नक्कल?

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जवळपास असाच आहे. 'ऑथेंतेस' म्हणजे जो स्वतःच्या हाताने करतो तो. दस्तावर आपण 'स्वहस्ते' लिहितो ना, तसं. ग्रीक लोक हाच शब्द खुन्यालाही लावत असत हे मात्र मी विद्यार्थ्यांना शक्यतो सांगत नसे. (हशा) पण तेही ध्यानात राहू द्या, पुढे लागेल. स्वतःच्या हाताने केलेलं सगळं चांगलंच असतं असं नाही.

आता ते 'लोक' कोण? आपण म्हणतो, 'चार लोक काय म्हणतील?' हायडेगर नावाचा जर्मन तत्त्वज्ञ 1927 च्या आपल्या ग्रंथात म्हणतो की हे 'लोक' म्हणजे कुणीच नेमकं नसतं. नाव विचाराल तर सापडत नाही, पण राज्य त्यांचंच चालतं. लोक लग्नात एवढा खर्च करतात, म्हणून आपण करतो. लोक अशा वेळी रडतात, म्हणून आपण रडतो. हे वर्णन फार अचूक आहे. तरी त्यात एक उणीव मला नेहमी जाणवत आली. जर्मनीतल्या शहरात 'लोक' बिननावाचे असतील. आपल्या सेलू, देवळी, आर्वीकडच्या गावात त्या चार लोकांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. पोरीच्या लग्नात जेवणाला नावं ठेवणारे तेच, आणि रात्री गोठ्याला आग लागली तर बादल्या घेऊन धावणारेही तेच. शेवटी खांदा द्यायलाही चारच लागतात. त्यामुळे 'लोकांना झुगारून द्या' हा उपदेश गावात राहणाऱ्या माणसाला ऐकायला बरा वाटतो, पण त्याच्या उपयोगाचा नसतो. त्याचा प्रश्न वेगळा आहे : या माणसांत राहून, त्यांच्या उपकारांत राहून, स्वतःच्या हाताने कसं जगायचं?

यासाठी मी तुम्हाला 1907 सालच्या वर्ध्यात नेतो.

जमनालाल बजाज हे नाव तुम्हाला स्कूटरमुळे माहीत असेल, किंवा इथल्या चौकांमुळे, संस्थांमुळे. त्यांचा जन्म 1889 चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या लहान गावातला. वर्ध्याचे सावकार शेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतलं. मूल काही न विचारता एका घरातून दुसऱ्या घरात गेलं. त्या काळाच्या रीतीला धरूनच होतं ते. पण तत्त्वज्ञानाच्या अंगाने बघा : या मुलाचं सगळं आयुष्यच दुसऱ्यांच्या अपेक्षेतून सुरू झालं. कुणाला तरी वारस हवा होता, म्हणून तो वारस झाला.

सतरा वर्षांचा असताना एका लग्नाला जायचं निघालं. आजोबांचा आग्रह की अंगावर दागिने घालून चल. पेढीची श्रीमंती लोकांना दिसली पाहिजे. मुलगा नाही म्हणाला. बच्छराज रागीट होते. तोंडाला येईल ते बोलले, आणि त्यात पैशावरूनही बोलले. मुलाने मग एक पत्र लिहिलं, स्टॅम्पपेपरवर. आशय असा की तुमच्या संपत्तीवर माझा काही हक्क नाही, तुमच्याबद्दल मनात राग नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी मी चाललो. आणि घर सोडून निघाला.

या गोष्टीत मला घर सोडण्यापेक्षा स्टॅम्पपेपर महत्त्वाचा वाटतो. रागाच्या भरात घर सोडणारी मुलं प्रत्येक पिढीत असतात. तीनचार दिवसांनी मामाकडे सापडतात. सावकाराच्या घरात वाढलेल्या या मुलाला कागद म्हणजे काय ते पुरतं माहीत होतं. उद्या आपलं मन बदललं तरी कागद बदलू नये अशी व्यवस्था त्याने स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध करून ठेवली. अस्सल दस्त.

पुढे घरच्यांनी शोधून, समजूत घालून त्याला परत आणलं, आणि तो परत आला. आमच्या वर्गात इथे एखादा विद्यार्थी हमखास म्हणायचा, 'सर, मग काय उपयोग? गेलाच नाही तो!' उपयोग पुढे आहे. काही काळातच बच्छराज वारले आणि सगळी मालमत्ता त्याच्याकडेच आली. कायद्याने पूर्ण त्याची. स्टॅम्पपेपर कुणी पुढे करणार नव्हतं. करणारा माणूसच गेला होता. तरी जमनालालजींनी जन्मभर असं धरलं की आपण हे एकदा सोडलेलं आहे, आता ते आपल्या चैनीसाठी नाही, आपण फक्त सांभाळणारे. विश्वस्तपणाची कल्पना गांधीजींनी मांडली हे आपण शाळेत शिकतो, पण या माणसाच्या आयुष्यात ती गांधीजींची भेट होण्याआधीच येऊन बसलेली होती.

आता कुणी या माणसाची आरती ओवाळायला घेईल, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगतो. याच जमनालालजींनी तरुणपणी ऑनररी मॅजिस्ट्रेटचं पद घेतलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने रायबहादूर केलं, तेही घेतलं. श्रीमंत व्यापाऱ्याकडून हेच अपेक्षित होतं, आणि त्यांनी ते केलं. 1921 साली असहकाराच्या चळवळीत त्यांनी ती पदवी परत केली. म्हणजे सतराव्या वर्षी दागिने नाकारणारा माणूस तिशीच्या आत सरकारी दागिना घालून बसलेला होता. मला यात ढोंग दिसत नाही. मला दिसतं ते एवढंच, की अस्सलपणा एकदा मिळाला म्हणजे पेटीत ठेवता येतो असा नसतो. आज नाकारलेली अपेक्षा उद्या दुसरे कपडे घालून दारात येते, आणि माणसाला ती ओळखू येतेच असं नाही.

1920 च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. जमनालालजी स्वागताध्यक्ष होते. तिथे त्यांनी गांधीजींकडे एक विचित्र मागणी केली : मला तुमचा पाचवा मुलगा माना. गांधीजींना चार मुलगे होते. लहानपणी न विचारता दत्तक गेलेला माणूस एकतीसाव्या वर्षी, चांगला बायकोमुलांचा धनी असताना, स्वतः होऊन दुसऱ्यांदा दत्तक जायला निघाला. मित्रहो, मला हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. 'स्वतःचं जगा' सांगणारे म्हणतील, ही तर नवी गुलामी झाली. आजोबा गेले, बापू आले. हा आक्षेप पोरकट नाही. त्याला उत्तर द्यावं लागेल. पण उत्तर जमनालालजींच्या गोष्टीत पुरेसं मिळत नाही. ते त्यांच्या पत्नीच्या गोष्टीत मिळतं, म्हणून तिकडे वळतो.

जानकीदेवींचा जन्म 1893 चा, जावऱ्याचा. आठनऊ वर्षांच्या असताना लग्न होऊन वर्ध्याला आल्या. श्रीमंत मारवाडी घरातली सून. अंगभर सोनं, डोळ्यांखालपर्यंत घुंघट. सोनं हा तिथे नुसता शौक नव्हता. बाईच्या नावाने असलेली ती एकच मालमत्ता, आणि चारचौघींतलं तिचं वजनही त्यावरच ठरायचं. गांधीजींच्या प्रभावात आलेल्या पतीने कळवलं की सोनं सोडावं. ऐन चोविशीतल्या जानकीदेवींनी सगळं सोनं उतरवलं, आणि पुन्हा जन्मभर घातलं नाही. पुढे पडदाही गेला. तोही पतीच्याच सांगण्यावरून.

आता सांगा, हे काय झालं? ही बाई मुक्त झाली, की नवऱ्याच्या एका अपेक्षेतून दुसऱ्या अपेक्षेत गेली? आधी घरची रीत सांगत होती की घाल, आता नवरा सांगत होता की काढ. हुकूम बदलला, हुकूम पाळणं बदललं नाही. जमनालालजींनी सतराव्या वर्षी स्वतःच्या मर्जीने दागिने नाकारले. जानकीदेवींना नाकारण्याचीही मर्जी दुसऱ्याकडून मिळाली. आपल्याकडच्या चरित्रांमध्ये हा प्रसंग त्यागाचा म्हणून येतो आणि लेखक पुढच्या पानावर जातो. मला पुढचं पान उलटवत नाही.

माझं मत तुम्हाला सांगतो, तुमचं वेगळं असेल तर नंतर भांडू. त्या दिवशी जे झालं ती नक्कल होती. पण शाळेत पहिल्या दिवशी मास्तर पाटीवर अक्षर काढून देतात आणि आपण त्यावरून पेन्सिल फिरवतो, त्याला काय म्हणतात? गिरवणं. गिरवणं ही नक्कलच आहे. अक्षर दुसऱ्याचं, वळण दुसऱ्याचं, नुसता हात आपला. पण न गिरवता लिहायला शिकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि गिरवून गिरवून एक दिवस असा येतो की अक्षराला आपलं वळण येतं. पाकिटावरचा पत्ता बघून कुणी म्हणतं, हे तर अमक्याचं अक्षर. तो दिवस नेमका कोणता ते कुणालाही सांगता येत नाही.

जानकीदेवींच्या अक्षराला वळण आलं याचा पुरावा काय? मला 1942 नंतरची वर्षं पुरावा वाटतात. त्या वर्षी 11 फेब्रुवारीला जमनालालजी वारले. सांगणारा गेला. आता सोनं पुन्हा घातलं असतं, घरात बसल्या असत्या, तरी कुणी काही म्हटलं नसतं. उलट नातलगांना बरंच वाटलं असतं. त्या गोसेवेच्या कामात उतरल्या. विनोबांची भूदान यात्रा सुरू झाल्यावर त्यांनी कूपदान हाती घेतलं. जमीन मिळाली, पण पाणी नाही तर भूमिहीन काय करणार? म्हणून गावोगाव विहिरींसाठी दान मागत फिरल्या. एकेकाळी घुंघटाबाहेर न पडलेली बाई साठीत अनोळखी माणसांपुढे उभी राहून विहीर मागत होती. 1956 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पुरस्काराचं मी फार मनावर घेत नाही, विहिरींचं घेतो. विहिरी मागा असं त्यांना जमनालालजींनी सांगितलेलं नव्हतं. सांगायला ते नव्हतेच.

तेव्हा मघाच्या आक्षेपाचं उत्तर माझ्या मते असं. कुठल्याही गोष्टीचं मूळ दुसऱ्याच्या अपेक्षेत आहे म्हणून ती खोटी होत नाही. भाषा आपण आईची नक्कल करून शिकलो, म्हणून ती परकी होत नाही. चार्ल्स टेलर नावाचे कॅनडाचे तत्त्वज्ञ हेच वेगळ्या रीतीने म्हणतात : आपण कोण हे माणूस एकटा बसून ठरवत नाही, आपल्या माणसांशी बोलत, भांडत ठरवतो. मी त्यात फक्त एवढं घालीन की सांगणारा उठून गेल्यावर काय उरतं ते बघावं.

ही कसोटी आपल्या आश्रमांना लावली तर मजा येते. गांधीजी सेगावला 1936 ला राहायला आले; पुढे त्याचं सेवाग्राम झालं. त्यांच्याभोवती अस्सल माणसं किती आणि बापूंच्या चालण्याबोलण्याची नक्कल करणारी किती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही हे बरंच झालं. खादी, उकडलेल्या भाज्या, पहाटेची प्रार्थना, हे सगळं काहींसाठी साधना होती आणि काहींसाठी तोच घुंघट, फक्त पांढरा. जग सोडून आलेल्या माणसाला आश्रमात नवे 'चार लोक' भेटतात. बंडखोरांच्या गटात बंड करणं हीच रीत होऊन बसते, हे आजच्या तरुणांनीही ध्यानात घ्यावं.

विनोबा यातून बऱ्यापैकी सुटले. 1916 च्या मार्चमध्ये ते इंटरच्या परीक्षेला म्हणून बडोद्याहून मुंबईला निघाले, आणि सुरतेला उतरून काशीची गाडी धरली. त्याआधी आईच्या डोळ्यांदेखत आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली होती. ही गोष्ट सगळे सांगतात, कारण तिच्यात नाट्य आहे. मला त्यापुढची आवडते. त्याच वर्षी जूनमध्ये ते गांधीजींच्या कोचरबच्या आश्रमात आले, आणि 1917 ला तब्येतीसाठी म्हणून वर्षाची रजा घेऊन निघून गेले. वाईला नारायणशास्त्री मराठ्यांकडे वेदान्त शिकले, पायी फिरले, आणि वर्ष भरताच आपण होऊन परत आले. 1921 मध्ये जमनालालजींच्या आग्रहावरून वर्ध्याचा आश्रम चालवायला आले. गुरू निवडायचा, त्याच्यापासून दूर जायचं, आणि कुणी बोलावलं नसताना परत यायचं. गांधीजींचं स्तुतीचं एक पत्र त्यांनी वाचून फाडून टाकलं अशीही आठवण सांगतात. स्तुती ही सगळ्यांत गोड अपेक्षा असते. नंतर माणूस जन्मभर त्या पत्रातल्यासारखा दिसायचा प्रयत्न करत बसतो.

पण इथे मघाचा ग्रीक खुनी आठवा. 1975 साली आणीबाणी आली तेव्हा विनोबा पवनारला मौनात होते. देश त्यांच्याकडे बघत होता. जयप्रकाश तुरुंगात होते. विनोबांनी 'अनुशासन पर्व' हे दोन शब्द लिहून दिले आणि सरकारने ते गावोगाव भिंतींवर रंगवले. पुढे त्यांनी अर्थ समजावला की अनुशासन आचार्यांचं असतं, शासन सत्तेचं. पण तोपर्यंत शब्द भिंतींवर वाळले होते. विनोबा त्या वेळीही लोकांच्या अपेक्षेप्रमाणे वागले नाहीत. अस्सल होते. आणि माझ्या मते चुकले. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. तो हायडेगर तर अस्सलपणावर ग्रंथ लिहून सहा वर्षांनी, 1933 ला, नाझी पक्षात गेला. तेव्हा 'मी माझ्या मनाप्रमाणे वागलो' एवढं म्हणून कुणाची सुटका होत नाही. मनाप्रमाणे वागणं हा गुण आहे, बरोबर वागणं हा वेगळा गुण आहे, आणि दोन्ही कमवावे लागतात.

अजून एक गोष्ट बोललो नाही तर हे व्याख्यान अर्धवट राहील. जमनालालजींना दागिने नाकारता आले, कारण त्यांच्यापुढे दागिने होते. विनोबांना प्रमाणपत्रं जाळता आली, कारण ती मिळाली होती. ज्यांना काही दिलंच नाही त्यांनी काय नाकारायचं? 1928 साली जमनालालजींनी वर्ध्याचं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. त्या काळी हे धाडस होतं आणि आपल्याच समाजातल्या अनेकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. पण दार उघडणारा आतला होता. बाहेर उभा असलेला माणूस आत गेला तो दुसऱ्याच्या परवानगीने.

1935 च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला, इथून पाऊणशे किलोमीटरवर, नागपूरला धर्मांतर केलं. मध्ये एकवीस वर्षं गेली. या एकवीस वर्षांकडे बघा. रागाच्या भरात घेतलेला निर्णय एकवीस वर्षं टिकत नाही. ते वाचत होते, तपासत होते, सगळे धर्म उलटेपालटे करून बघत होते. आणि शेवटी लाखो माणसं त्यांच्याबरोबर उभी राहिली. आपल्या जिल्ह्यातूनही रेल्वेने, बैलगाडीने, पायी गेलेली माणसं होती. त्यांची नातवंडं इथे समोर बसलेली असतील. गावाने ठरवून दिलेली जागा, ठरवून दिलेली कामं, मेलेली जनावरं ओढणं, हे नाकारलं. गावात 'चार लोकांनी' म्हटलेलं मोडलं तर त्यांना नुसतं बोलणं खावं लागत नव्हतं. पाणी बंद व्हायचं, काम बंद व्हायचं, मारही बसायचा. आणि एकट्याने हे जमलं नसतं. अस्सल होण्यासाठी कधी कधी लाख माणसं बरोबर लागतात, ही गोष्ट युरोपातल्या तत्त्वज्ञांच्या एकट्या नायकाला फारशी सुचली नाही.

'स्वधर्म' हा शब्द मी आजवर टाळला तोही याच कारणाने. विनोबांनी 1932 ला धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. म्हणजे उतरवलेली व्याख्यानं वाचायची आपली सवय जुनी आहे. त्यात विनोबा दाखवतात की अर्जुनाला अचानक सुचलेला संन्यास हा त्याचा खरा स्वभाव नव्हता, मोहाने घेतलेला आडोसा होता. हे निरीक्षण मोलाचं आहे. सोडून जावंसं वाटणं म्हणजे दर वेळी आतला आवाज नसतो, कधी तो नुसता थकवा असतो. पण 'स्वधर्म' म्हणजे जन्माने मिळालेलं काम, असा अर्थ या देशात शतकानुशतकं माणसांच्या मानेवर ठेवला गेला आहे. ज्याच्या मानेवर तो होता त्याला मी तो शब्द शिकवायला जाणार नाही.

आता आजचं. मघापासून तुम्ही म्हणत असाल, सर जुनंच सांगतात. आपल्या जिल्ह्यातली शेकडो मुलं पुण्यात खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. चार वर्षं, सहा वर्षं. घरी कपाशी आणि सोयाबीनच्या पैशातून महिन्याला रक्कम जाते. त्यातल्या अनेकांना विचारलं, तुला अधिकारी होऊन काय करायचं आहे, तर उत्तर येत नाही. अधिकारी 'व्हायचं' असतं, काही 'करायचं' नसतं. मी त्यांना दोष देत नाही. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही हे कोणत्याही गावात जाऊन विचारा. शेतकरी बापच आपली लेक शेतकऱ्याला देत नाही. अशा वेळी पोराला खरंच शेती करायची असेल तर? माझ्या एका विद्यार्थ्याने असं केलं. एम.ए. होऊन घरच्या जमिनीवर गेला. आईने वर्षभर धड संवाद ठेवला नाही. गावातले विचारायचे, 'एवढं शिकून काऊन आला रे?' आधी मुलाने बापाची शेती धरणं म्हणजे रीत पाळणं होतं. आता तेच रीत मोडणं झालं आहे. म्हणून बाहेरून बघून कुणाचं आयुष्य अस्सल ते ठरवता येत नाही. तेच काम, तोच बांध, तोच फवारणीचा पंप.

त्याला मी त्या वेळी एवढंच विचारलं होतं की याची किंमत कोण देणार? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण 'मी माझ्या मनाचं केलं' म्हणणाऱ्या अनेक पुरुषांचं बिल घरातल्या बाईने भरलेलं असतं. सार्त्रने 1945 ला पॅरिसमध्ये एक जाहीर व्याख्यान दिलं. त्यात तो एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. त्याला जर्मनांविरुद्ध लढायला इंग्लंडला जायचं होतं, आणि घरी आई त्याच्यावाचून एकटी होती. सार्त्र त्याला म्हणाला, तू मोकळा आहेस, निवड. त्या उत्तराचं जगभर कौतुक झालं. मला मात्र वाटत राहतं, त्या आईला कुणी काही विचारलं का? आमचा शेतकरी विद्यार्थी निदान आईपाशी बसला. आईची भीती काय होती? म्हातारपणी औषधाला पैसे असतील का, एवढीच. चार लोकांची तिला पर्वा नव्हती, ते तिने फक्त पुढे केलेले होते. बहुतेक घरांत असंच असतं. 'लोक काय म्हणतील' या वाक्यामागे आपल्या माणसाची एक साधी भीती लपलेली असते, आणि त्या भीतीला उत्तर देता येतं. लोकांना देता येत नाही.

वेळ झाली आहे. मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे, ती घेतो आणि थांबतो. एका आईने लिहिलंय : मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणतो मन लागत नाही, सोडतो. काय करू?

ताई, तुमचा मुलगा मला माहीत नाही, तेव्हा सोड किंवा सोडू नको असं मी सांगणार नाही. त्याला दोन गोष्टी विचारा. सोडल्यावर येत्या सोमवारी सकाळी उठून काय करणार आहेस, हे विचारा. मोठी स्वप्नं नकोत, सोमवारची सकाळ सांग म्हणावं. आणि विनोबांसारखी रजा घेता येते का बघा. बऱ्याच विद्यापीठांत एखादं वर्ष खंड घेता येतो, कॉलेजात चौकशी करा. त्या वर्षात त्याला जे करायचं म्हणतो ते त्याने स्वतः कमवून करावं. तुम्ही रागावू नका, पैसेही देऊ नका, आणि नातलगांना काय सांगायचं याची काळजी त्याच्यावर टाकू नका, ती तुम्ही घ्या. जेवायला मात्र रोज घरी बोलवा.